कोलाज कसे करावे: कागद, खळ आणि सांधा

वळवाचा एखादा जोरदार पाऊस होऊन गेला की बेळगावच्या गणपत गल्लीतून किंवा खडेबाजारातून जरा सावकाश चालावे आणि भिंतींकडे पाहावे. नाटकाच्या पत्रकावर कन्नड चित्रपटाचे पोस्टर, त्यावर शिकवणीची जाहिरात, त्यावर कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा कागद असे चार-पाच थर एकावर एक बसलेले असतात. पावसाने वरचा कागद भिजून लोंबू लागतो आणि त्याच्या फाटक्या कडेखालून गतवर्षीची निळी अक्षरे डोकावतात. रेमों हँस आणि जाक व्हिलेग्ले या दोन फ्रेंच कलावंतांनी १९४९ साली पॅरिसच्या भिंतींवरची अशीच फाटलेली पोस्टरे उतरवून आणली, कॅनव्हासवर चढवली आणि चित्र म्हणून लोकांपुढे ठेवली. अशा भिंतीपाशी ज्याचे पाऊल थबकते त्याला कोलाज, म्हणजे कागदाचे, कापडाचे तयार तुकडे चिकटवून केलेले चित्र, करता येईल, असे माझे ठाम मत आहे. हात नंतर तयार होतो.

शाळेत आपण सर्वांनीच चिकटकाम केलेले असते. आखून दिलेल्या मोराच्या आकारात घोटीव कागदाचे तुकडे भरायचे, ही त्याची रीत. तिथे आकार आधीच ठरलेला असतो आणि कागद केवळ रंगाच्या जागी येतो. कोलाजमध्ये कागद आपले पूर्वायुष्य सोबत घेऊन येतो: तिकीट चित्रात भिंत होते, छप्पर होते, पण तिकीट असल्याचे विसरू देत नाही. पिकासोने १९१२ च्या मे महिन्यात वेताची वीण छापलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रावर चिकटवला आणि चौकटीऐवजी भोवती खरा दोर लावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रेंच चित्रकार ब्राकने अ‍ॅव्हिन्यों गावातल्या दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद विकत आणला आणि त्याचे पट्टे कोळशाच्या रेखाटनात बसवले. दोघांनीही खरे वेत किंवा खरे लाकूड घेतले नाही. बाजारातली छापील नक्कल घेतली आणि ती नक्कल म्हणूनच दिसू दिली. ब्राकच्या त्या चित्रात लाकडाचा छाप जिथे संपतो आणि कोळशाची रेघ सुरू होते, तिथेच पाहणाऱ्याची नजर अडते. दोन वस्तू जिथे भेटतात त्या जागेला आपण सुतारकामात आणि शिवणकामात सांधा म्हणतो. कोलाजमध्ये रेषेचे काम हा सांधा करतो, आणि पुढे कागद निवडण्यापासून फ्रेम करण्यापर्यंत जे काही सांगणार आहे ते सगळे तो सांधा कसा घडवावा आणि कसा टिकवावा याविषयीच आहे.

कागद जमवताना

सीमाभागात राहणाऱ्याला कागदाची वाण नाही. एकाच उंबऱ्यात मराठी आणि कन्नड अशी दोन वृत्तपत्रे येतात, लग्नपत्रिका कितीदा दोन्ही लिप्यांत छापलेल्या असतात, दुकानाच्या पावत्यांवर वर कन्नड आणि खाली मराठी असते. निपाणीकडच्या विड्यांच्या बंडलांवरची लेबले, काडेपेट्यांचे छाप, शिंप्याकडचे मापांचे खाकी कागद, जुन्या खतावणीची लाल रेघांची पाने, औषधांच्या पुड्यांतली घडीची पत्रके, मागच्या वर्षीचे कॅलेंडर हे सगळे घरातून किंवा रद्दीवाल्याकडून मिळते. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या वस्तीत ओळख असेल तर रंगीत सुताची टोके आणि काठांची कात्रणेही मागून आणावीत. कागदाच्या शेजारी कापड आले की दोघांचाही पोत उठून दिसतो.

दोन लिप्यांकडे मात्र चित्रकाराच्या नजरेने पाहायला शिकले पाहिजे, कारण ही आपल्या भागाची खरी श्रीमंती आहे. देवनागरीचा मोठा मथळा कापून घेतला की सर्वांत आधी शिरोरेषा दिसते. ती सलग, जाड, आडवी पट्टी असते. तुकडा उभा फिरवला की ती खांब होते आणि अक्षरे त्या खांबाला लटकू लागतात. कन्नड अक्षर गोल आहे, त्याच्या माथ्यावर तलकट्टूची छोटी खूण असते, आणि बारीक मजकुराचा तुकडा लांबून पाहिला तर वाळूवरच्या ठशांसारखा एकसारखा, मऊ पोत दिसतो. म्हणून बांधणीसाठी देवनागरी आणि पृष्ठभागासाठी कन्नड, अशी वाटणी मी पुष्कळदा करतो. हा नियम नव्हे, पण सुरुवातीला उपयोगी पडतो. पिकासोने पहिल्याच कोलाजमध्ये वृत्तपत्राच्या फ्रेंच नावातली पहिली तीनच अक्षरे रंगवली होती, आणि त्या तीन अक्षरांत 'खेळणे' या अर्थाच्या क्रियापदाचीही सुरुवात होते. शब्द पूर्ण ठेवला तर लोक तो वाचून मोकळे होतात. अर्धा ठेवला तर त्याच्याकडे पाहतात.

सगळेच कागद मात्र चित्रात राहण्याच्या योग्यतेचे नसतात. वृत्तपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते, त्यामुळे उजेडात तो पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. ज्याला तो पिवळेपणा चालणार आहे त्याने खुशाल वापरावा. ज्याला चालणार नाही त्याने त्या पानाची लेझर प्रत चांगल्या कागदावर काढून घ्यावी. इंकजेट प्रिंटरवर काढलेली प्रत बहुधा खळीने भिजली की शाई सोडते, म्हणून आधी ओल्या बोटाने कोपरा चोळून पाहावा. सर्वांत फसवा कागद म्हणजे बसच्या आजच्या तिकिटांचा. महाराष्ट्राची एसटी असो की वायव्य कर्नाटक परिवहनाची बस, कंडक्टरच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर शाई नसतेच. उष्णतेने काळा पडणारा एक लेप असतो. निपाणी, संकेश्वर, खानापूर अशा फेऱ्यांतली चाळीसेक तिकिटे जमवून मी एक मोठे चित्र केले होते आणि ते दिवसभर उजेड असलेल्या खोलीत लावले होते. दुसऱ्या वर्षी त्यावरची गावांची नावे फिकट होत गेली आणि शेवटी पांढऱ्या पट्ट्या उरल्या. त्या प्रवासांतले बरेचसे माणसांना भेटायला केलेले होते, त्यामुळे ते नुकसान मला आजही बोचते. अशा तिकिटांची प्रत काढावी आणि प्रत चिकटवावी. जुनी, रंगीत कागदावर ठसठशीत छापलेली आणि चिमट्याने भोक पाडलेली तिकिटे कुणाच्या पाकिटात सापडली तर ती मात्र टिकतात. जर्मनीत हानोव्हरला कुर्ट श्विटर्स हा कलावंत ट्रामची तिकिटे, पाकिटांचे तुकडे, वेष्टने रस्त्यावरून उचलून चित्रांत बसवत असे. 'कोमर्त्स' या छापील शब्दाचा फाटून उरलेला 'मर्त्स' हा तुकडा त्याने १९१९ मध्ये आपल्या साऱ्या कामाचे नाव म्हणून घेतला.

काही कागदांना कात्री लावूच नये. आपल्या भागातल्या जुन्या घरांत, ट्रंकेच्या तळाशी, मोडी लिपीतले कागद अजून निघतात. ते वाचता येत नाहीत म्हणून निरुपयोगी वाटतात आणि त्यांचे वळण इतके सुंदर असते की चित्रात वापरण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, त्यांची प्रत काढावी आणि मूळ कागद जाणकाराला दाखवावा. त्यात जमिनीचा, घराण्याचा किंवा गावाचा इतिहास असू शकतो. घरातल्या जुन्या छायाचित्रांचेही तेच. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीच्या छापाबद्दल प्रत्येकाची भावना वेगळी असते. चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९६० च्या दशकात देवदेवतांच्या बाजारी छापील चित्रांचे तुकडे आपल्या कोलाजमध्ये घेतले आणि त्यातून भारतीय चित्रकलेला एक नवी वाट मिळाली, हे खरेच आहे. मी स्वतः तो छाप अखंड कापून बाजूला ठेवतो आणि पत्रिकेचा उरलेला सोनेरी, लाल कागद वापरतो.

जमलेला कागद विषयवार लावू नये. माणसे एका पाकिटात, इमारती दुसऱ्या, असे लावले की हात आपोआप गोष्ट सांगू लागतो आणि चित्र मागे पडते. चपलांचे तीन रिकामे खोके घ्यावेत: एकात उजळ कागद, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात गडद. कोणता कागद कुठे जातो याबद्दल शंका आली तर मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करावे. भडक लाल आणि गर्द हिरवा हे दोन कागद एकाच छटेचे निघाले की पहिल्यांदा सगळ्यांनाच नवल वाटते. बेळगावला व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र शिकवण्याची जुनी, चांगली परंपरा आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांचे चित्रमंदिर हे कलाशिक्षणाचे ठिकाण इथलेच, आणि चित्रकार रवी परांजपे यांचे सुरुवातीचे शिक्षणही तिथलेच. त्या परंपरेत छायाप्रकाशाची जी पारख तयार करून घेतली जाते तीच कोलाजला लागते. ज्याने पेन्सिलीने डोके नीट छटांकित केले आहे त्याने आपण अगदी नवशिके आहोत असे समजू नये.

मनासारखा रंग रद्दीत मिळाला नाही तर तो करून घ्यावा. कार्ट्रिज कागदावर पोस्टर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत, कुंचल्याच्या खुणा राहू द्याव्यात, कागद वाळवून ठेवावा. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पलंगाला आणि चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या फ्रेंच चित्रकार मातीसने हेच केले: मदतनीस कागद रंगवून देत आणि तो कात्रीने थेट रंगातून आकार कापत असे. 'जॅझ' हा त्याचा चित्रसंच १९४७ मध्ये निघाला तो याच कामातून. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५० च्या दशकात पूर्ण गेली, तरी त्यांनी रंगीत कागद कापून, बोटांनी चाचपून, चित्रे केली. हाताला कडा कळते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

कापणे आणि फाडणे

कात्रीने कापताना कात्री स्थिर ठेवावी आणि कागद फिरवावा. वळण आपोआप सलग येते. सरळ कडेसाठी कटर आणि पोलादी पट्टी वापरावी, खाली कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा घ्यावा, आणि जाड कागद एका दाबात तोडण्याऐवजी पाते हलक्या हाताने तीन वेळा फिरवावे. पात्याचे टोक बोथट झाले की ते लगेच मोडून टाकावे. बोथट पाते कागद कापत नाही, ओढते, आणि ती ओढलेली कडा चिकटवल्यावर कायम उठून राहते.

फाडणे हे मात्र शिकण्याचे काम आहे आणि त्यावर एक अख्खी संध्याकाळ खर्च करावी. कालचे वर्तमानपत्र घ्यावे आणि वरून खाली फाडावे; ते मजकुराच्या रकान्याला धरून सुतासारखे सरळ फाटत जाते. तेच पान आडवे फाडू लागले की दोन बोटे अंतर गेल्याबरोबर फाटा वाकडा होतो, दात पडतात, आणि हातात डोंगररांगेसारखी कडा येते. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला झोपतात; छपाईवाले तिला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूने सरळ कडा, ग्रेनला आडवी वेडीवाकडी कडा, एवढे लक्षात राहिले तरी पुरे. मासिकाचा गुळगुळीत, छापील कागद फाडला तर आतला पांढरा गाभा उघडा पडतो, पण दोनपैकी एकाच तुकड्याच्या दर्शनी बाजूला ती पांढरी कडा दिसते. हात उलट्या दिशेने ओढला की ती दुसऱ्या तुकड्यावर जाते. गडद कागदावर ही पांढरी कडा ठेवायची की दडवायची, हा निर्णय प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा आणि जाणीवपूर्वक घ्यावा, कारण ती चित्रातली एक उजळ रेषाच असते. हातकागद फाडायचा असेल तर पाण्यात बुडवलेल्या बारीक कुंचल्याने रेघ ओढावी, अर्धा मिनिट थांबावे आणि दोन्ही बाजूंनी हळू ओढावे. तंतू सुटून लोकरीसारखी मऊ कडा मिळते आणि ती खालच्या कागदात विरघळल्यासारखी बसते.

कापलेली कडा आणि फाटलेली कडा शेजारी आल्या की दोघींना अर्थ येतो. सगळे चित्र फाटक्या कडांचे केले तर ते ढिसाळ दिसते, सगळे कापलेल्या कडांचे केले तर पत्रकासारखे.

मांडणी, आणि न चिकटवता थांबणे

पहिली पंधरा-वीस चित्रे मोठ्या वहीच्या पानाएवढी, साधारण २० × २५ सेंटीमीटरची करावीत आणि प्रत्येकात पाचच तुकडे घ्यावेत: एक मोठा, दोन मध्यम, दोन लहान. पाच तुकड्यांत चित्र उभे राहत नसेल तर पन्नासांत राहणार नाही. मोठा तुकडा आधी ठेवावा, पण अगदी मधोमध ठेवू नये. मग डोळे अर्धवट मिटून पाहावे. तपशील पुसला जातो आणि उजळ-गडद जागा तेवढ्या उरतात. त्या जागा एका बाजूला कलत असतील तर लहान तुकडा हलवून तोल साधावा.

मांडणीबद्दल मला सर्वांत जास्त शिकवले ते गोधडीने, जिला आपल्याकडे वाकळ म्हणतात आणि कन्नड घरांत कवदी. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या आणि आपल्या खानापूर तालुक्यातल्या सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिची सुरुवात कडेने होते. कपड्यांचे तुकडे एकमेकांवर चढवत, धावदोरा घालत त्या भोवतीने आत आत येतात आणि मध्यावर संपवतात, आणि कोपऱ्यांना घडीच्या तुकड्यांचे फूल लावल्याशिवाय काम पुरे झाले असे मानत नाहीत. आपण कागद घेऊन बसलो की मधला विषय आधी चिकटवतो आणि मग कडेला उरलेली जागा कशीबशी भरतो. चित्र कडेला मरते ते यामुळेच. एक चित्र मुद्दाम उलट्या रीतीने करून पाहावे. चारही कडांवर काय येणार हे आधी ठरवावे आणि मग आत यावे. चौकटीची कड हादेखील एक सांधा आहे, चित्राचा आणि भिंतीचा.

सांधे लपवावेत की दाखवावेत, याबद्दल जाणत्या कलावंतांतही एकमत नाही आणि ते नसणे चांगले आहे. बर्लिनच्या हाना ह्योखने १९१९-२० मध्ये वृत्तपत्रे आणि मासिकांतल्या छायाचित्रांतून जे मोठे चित्र केले त्यात पुढाऱ्यांची डोकी नर्तकींच्या धडांवर बसवलेली आहेत, यंत्रांची चाके माणसांहून मोठी आहेत, आणि प्रत्येक कापलेली कडा स्पष्ट दिसते. त्या काळाची मोडतोड त्या कडांतूनच कळते. मॅक्स अर्न्स्टने १९३४ च्या आपल्या चित्रकादंबरीत नेमके उलट केले. जुन्या पुस्तकांतली कोरीव चित्रे कापून त्याने अशी जोडली की छापल्यावर सांधा सापडत नाही, आणि पक्ष्याचे डोके असलेला माणूस दिवाणखान्यात सहज वावरतो. लपवलेल्या सांध्याला त्याने स्वप्नाचे कारण दिले होते. असे कारण नसताना केवळ सफाई दाखवण्यासाठी सांधा लपवला की चित्र निर्जीव होते. माझा कल ह्योखकडे आहे आणि नवख्यानेही तिकडूनच सुरुवात करावी.

मांडणी जमली असे वाटले की त्याच दिवशी चिकटवू नये. वर काचेचा तुकडा ठेवावा, छायाचित्र काढावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पुन्हा पाहावे. रात्री अप्रतिम वाटलेली निम्मी चित्रे सकाळी तशी वाटत नाहीत. ठरले की बटर पेपर वर अंथरून प्रत्येक तुकड्याची बाह्यरेषा पेन्सिलीने उतरवून घ्यावी, तुकड्यांच्या पाठीवर आणि बटर पेपरवर तेच आकडे लिहावेत, आणि बटर पेपर एका कडेला चिकटपट्टीने बिजागरीसारखा लावावा. चिकटवताना तो खाली पाडून तुकडा कुठे बसायचा ते पाहता येते. हा खटाटोप वाटतो, पण खळ लावलेला कागद हातात असताना आठवणीवर विसंबणे फार महागात पडते.

खळ आणि चिकटवण्याचे काम

चिकटवण्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी आहेत: मैद्याची खळ आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद. शाळेतला डिंक वाळल्यावर तडकतो आणि चकाकतो, रबर सोल्युशन काही वर्षांत पिवळे पडून सुटते. ही दोन्ही चित्रासाठी नकोत.

खळ करताना एक भाग मैद्याला पाच भाग पाणी घ्यावे. मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावा, उरलेले पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. सात-आठ मिनिटांत पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी अर्धपारदर्शक दिसू लागते आणि चमच्याच्या पाठीला धरून राहते. तेव्हा उतरवून मलमलीतून गाळावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. आपल्याकडचे पुस्तकबांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, त्यामुळे ती नासत नाही आणि कीड लागत नाही. मोरचूद विषारी आहे, ॲल्युमिनियमचे भांडे खाते, आणि तांब्याचे क्षार काही वर्षांनी कागदालाही कमकुवत करतात, म्हणून चित्रासाठी मी ते वापरत नाही. वाटीभरच खळ करावी, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. खळीचा मोठा गुण हा की ती पाण्याने पुन्हा सुटते, त्यामुळे चूक सुधारता येते आणि पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाल्यास कागद वाचतो. तिचा दोष हा की कसर तिच्यावर तुटून पडते आणि दमट हवेत तिला बुरशी येते.

फेव्हिकॉल सुटत नाही, कसर त्याला फारशी विचारत नाही, आणि तीन-चार भागांत एक भाग पाणी मिसळून तो सारखा पसरतो. म्हणून भाग पाहून निवड करावी. अथणी-चिकोडीच्या कोरड्या हवेत खळ उत्तम. खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडे, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पातळ फेव्हिकॉलच बरा. बेळगाव शहरात मी पातळ, नाजूक कागदाला खळ आणि जाड कागदाला फेव्हिकॉल वापरतो, आणि श्रावण संपेपर्यंत मोठे काम हाती घेत नाही.

आधार म्हणून माउंट बोर्ड, जाड पुठ्ठा किंवा सहा मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे. प्लायला पातळ फेव्हिकॉलचे दोन हात देऊन ते वाळू द्यावे, म्हणजे लाकडाचा डाग वर येत नाही. पुठ्ठ्याच्या दर्शनी बाजूला कागद चिकटवला की वाळताना तो आक्रसतो आणि पुठ्ठ्याची वाटी होते. यावर उपाय म्हणजे पाठीमागेही तेवढाच, तशाच ग्रेनचा कागद, त्याच गोंदाने, त्याच दिवशी चिकटवणे. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सपाट राहतो. ग्रेन ओळखायचा तर कागदाचा बोटभर चौकोन एका बाजूने ओला करावा. तो नळीसारखा वळतो, आणि ती नळी ज्या दिशेला लांब असते तीच तंतूंची दिशा.

आता एक तुकडा प्रत्यक्ष चिकटवताना काय होते ते पाहू. समजा तळहाताएवढा वर्तमानपत्राचा तुकडा आहे. तो जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानावर पालथा ठेवावा आणि रुंद कुंचल्याने मधून कडांकडे खळ लावत न्यावी, कुंचला कडेच्या बाहेर खालच्या पानावर जाऊ द्यावा, म्हणजे कडा कोरडी राहत नाही. खळ लागताच कागद जिवंत झाल्यासारखा हलतो: कडा उचलतात, मध्ये लाटा उठतात. घाई करून तो तसाच चिकटवला तर त्या लाटा सुरकुत्या होऊन कायम राहतात. अर्धा-एक मिनिट थांबावे. पाणी तंतूंत शिरते, कागद जेवढा फुगायचा तेवढा फुगतो आणि पुन्हा निवांत पडतो. जाड कागदाला तीन मिनिटेही लागतात. मग तो दोन्ही हातांनी उचलावा, आधी एक कडा बटर पेपरवरच्या रेषेला मिळवावी आणि बाकीचा हळूहळू खाली सोडावा, जशी आपण पलंगावर चादर सोडतो. वर कोरा कागद ठेवून मऊ फडक्याने मधून बाहेर दाबत जावे, कडांवर चमच्याची पाठ फिरवावी, आणि बाहेर आलेली खळ ओलसर कापसाने ताबडतोब टिपावी. खालचे डिरेक्टरीचे पान दर वेळी उलटून टाकावे. एका पानावर दोनदा खळ लावल्यामुळे डागाळलेले तुकडे मी पुष्कळ पाहिले आहेत.

मागचे तुकडे आधी, पुढचे नंतर, आणि जिथे एक तुकडा दुसऱ्यावर चढतो तिथे खालचा किमान अर्धा सेंटीमीटर आत जाऊ द्यावा. मासिकाच्या गुळगुळीत कागदाखाली हवेचा फुगा राहिलाच तर बारीक सुईने टोचून दाबावा. तीन-चार तुकड्यांनंतर थांबून, वर बटर पेपर आणि त्यावर पाट ठेवून, पाटावर पुस्तकांचे ओझे द्यावे. सगळे झाल्यावर पूर्ण एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस, ते ओझे हलवू नये. उन्हात किंवा पंख्याखाली वाळवलेले कोलाज हमखास वाकते.

फ्रेम आणि त्यानंतर

काच चित्राला टेकता कामा नये. हे वाक्य फ्रेम करणाऱ्याला स्वतः जाऊन सांगावे, चिठ्ठीवर लिहून द्यावे. एकदा मी न सांगता एक चित्र फ्रेमसाठी दिले, ते काचेला घट्ट दाबून बसवले गेले, आणि दोन पावसाळ्यांनंतर काढायला गेलो तेव्हा कन्नड वृत्तपत्राचा वरचा थर काचेवर उलटा उमटून निघून आला. माउंटची जाड चौकट मध्ये घातली की काच आणि कागद यांत हवेला जागा राहते. ज्या भिंतीवर बाहेरून पावसाचा मारा होतो, आपल्याकडे बहुधा पश्चिमेची, तिच्यावर कोलाज लावू नये. आतल्या भिंतीवर लावावे, फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत म्हणजे मागून वारा फिरतो, आणि थेट ऊन टाळावे. दसऱ्याच्या साफसफाईत फ्रेम उतरवून पाठ तपासावी. कडेला भुसा किंवा खडबडीत खाल्लेला पट्टा दिसला तर वाळवी किंवा कसर आली असे समजून चित्र लगेच वेगळे ठेवावे.

चित्र बंद करण्यापूर्वी त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावे: तारीख, कोणता कागद कुठून आला, कुठे खळ आहे आणि कुठे फेव्हिकॉल, कोणता तुकडा मूळ आणि कोणता प्रत. बॉलपेन वापरू नये, त्याची शाई दमटपणात कागदातून पुढे उतरते. उद्या एखादा तुकडा सुटला आणि दुरुस्त करणारी व्यक्ती दुसरीच असली, तर पाणी कुठे लावायचे आणि कुठे नाही हे तिला त्या नोंदीवरूनच कळेल.